शाळेचे संग्रहालय आणि पडवीचा प्रश्न

युरोपात शाळेची संग्रहालये आहेत आणि त्यांना आता बऱ्यापैकी जुनी परंपराही आहे. फ्रान्समध्ये १८७९ साली ज्यूल फेरी यांच्या कारकिर्दीत पॅरिसला शैक्षणिक संग्रहालय उभे राहिले. आज रुआँ या शहरात असलेले राष्ट्रीय शिक्षण संग्रहालय त्याचाच वारसा सांगते. लंडनच्या पूर्व भागात कालव्याकाठच्या जुन्या गुदामांत गरीब मुलांसाठी डॉ. बर्नार्डो यांनी चालवलेली शाळा होती. तिथे १९९० पासून ‘रॅगेड स्कूल म्युझियम’ आहे. तेथे आजच्या मुलांना लाकडी बाकांवर बसवून, हातात पाटी देऊन, व्हिक्टोरियाकालीन बाईंचा तास अनुभवायला लावतात. यात एक गंमत अशी की, पॅरिसचे संग्रहालय जुन्या वस्तू जपण्यासाठी निघालेच नव्हते. नवे नकाशे, नवी बाके, नव्या अध्यापनपद्धती शिक्षकांनी येऊन पाहाव्यात म्हणून ते निघाले होते. कालांतराने नवे जुने झाले आणि प्रदर्शनाचे संग्रहालय झाले.

आपल्याकडे असे संग्रहालय कोणी काढायचे ठरवले तर त्यात काय ठेवता येईल? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तो नीट कळावा म्हणून आम्ही पुणे-मुंबई बाजूला ठेवून मुद्दाम एक आडबाजूचे ठिकाण डोळ्यांसमोर धरतो. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी हे बंदराचे गाव आहे. समोर पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला, पलीकडच्या तीरावर राजपुरी आणि आगरदांडा. आज दिघीचे नाव निघते ते बंदर, औद्योगिक क्षेत्र आणि खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीच्या संदर्भात. शिक्षणाच्या इतिहासात ते निघत नाही. ते का निघत नाही, येथून सुरुवात करणे आम्हाला बरे वाटते.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३ च्या डिसेंबरात शिक्षणविषयक टिपण लिहिले आणि पुढच्या काही वर्षांत मुंबई इलाख्यातल्या जिल्हाधिकाऱ्यांना प्रश्नावल्या गेल्या: तुमच्या मुलखात शाळा किती, मुले किती, पंतोजीला काय मिळते, पुस्तके कोणती. १८२९ पर्यंत जी बेरीज हाती आली ती १,७०५ शाळा आणि सुमारे ३५ हजार विद्यार्थी अशी होती. या कागदांना पुढे फार महत्त्व आले. रा. वि. परुळेकर यांनी ते शोधून, संपादून १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. ही बेरीज अपुरी आहे, घरोघर चालणारे शिक्षण तिच्यात आलेलेच नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्याला आधारही होता. मुंबई कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्येच लिहून ठेवले होते की, आपल्या मुलखात लहानमोठे असे क्वचितच एखादे गाव असेल की जिथे एकही शाळा नाही. एकाच दशकातल्या या दोन साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत.

१९३१ च्या ऑक्टोबरात लंडनला गांधीजींनी भारतातील देशी शिक्षणाला सुंदर वृक्षाची उपमा दिली आणि तो इंग्रजांनी मुळासकट उखडला असे म्हटले. सर फिलिप हार्टोग यांनी त्यांना आकडे मागितले. धर्मपालांनी १९८३ मध्ये त्याच उपमेवरून आपल्या ग्रंथाचे नाव ठेवले. ‘आमच्याकडे सगळे होते’ आणि ‘तुमच्याकडे काहीच नव्हते’ हा वाद आजही याच कागदांवर चालतो. परंतु ज्या मुलखात या प्रश्नावल्या गेल्याच नाहीत, तिथले काय? दिघी त्या काळी कंपनीच्या राज्यात नव्हती. ती हबसाणात, म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होती आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिली. दक्षिणेला सावित्रीपलीकडे बाणकोटापासून कंपनीचा अंमल, उत्तरेला १८४० पर्यंत आंग्र्यांचा कुलाबा, आणि मध्ये हा पट्टा. १८२९ च्या बेरजेत दिघी-श्रीवर्धनचा आकडा शून्यसुद्धा नाही. तिथे रकानाच नाही. मात्र याच श्रीवर्धनचे भट घराणे लेखणीच्या आणि हिशेबाच्या बळावर घाटावर गेले आणि पेशवाईला पोहोचले. जिथे रकाना नव्हता तिथे अक्षरे नव्हती असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

आता त्या अहवालांतून दिसणारी शाळा कशी होती ते पाहावे. तिला स्वतःची इमारत नव्हती. ती देवळात भरे, कुणाच्या घरी भरे, पंतोजीच्या ओसरीवर किंवा पडवीत भरे. छापील पुस्तक नव्हते. हजेरीपट नव्हता. इयत्ता नव्हत्या, जो मुलगा जिथवर आला असेल तिथून पुढे. पंतोजीचे वेतन काही रोख, काही धान्यरूपाने, काही सणावाराला. संग्रहालयाच्या दृष्टीने ही शाळा अत्यंत गैरसोयीची आहे, कारण मागे ठेवण्यासारखे तिच्याजवळ काही नव्हतेच. तिचे मुख्य साधन धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीची पूड पसरायची, काडीने अक्षर काढायचे, पंतोजीने पाहिले की फळी हलवून ते पुसायचे आणि पुन्हा काढायचे. फळी एक वेळ सापडेल, पण तिच्यावरचे अक्षर कोणत्या कपाटात ठेवणार?

ते अक्षर टिकले ते भाषेत. कोणत्याही विषयाच्या प्राथमिक ज्ञानाला आपण अजून ‘धुळाक्षरे’ म्हणतो. आरंभाला ‘ओनामा’ म्हणतो आणि तो शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या जुन्या मंगलवाक्याच्या तोंडातून आला आहे हे म्हणणाऱ्याच्या ध्यानीही नसते. ‘श्रीगणेशा’, ‘कित्ता गिरवणे’, ‘उजळणी’, ‘घोकंपट्टी’ हे सगळे त्या पडवीतले शब्द. बोरू गेला, दौत गेली, पुस्त्या गेल्या. वाक्प्रचार मात्र राहिले. मराठीच्या विद्यार्थ्याने मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) या एका दृष्टीने चाळून पाहावा असे आम्ही सुचवू. पंतोजीच्या शाळेविषयीचे आपले सर्वांत भरगच्च संग्रहालय आजमितीस तेच असावे.

धुळीचा प्रवास मात्र विलक्षण झाला आहे. मद्रासजवळच्या एगमोर येथील लष्करी अनाथाश्रमाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी १७८९ नंतर केव्हातरी एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली. ते स्वस्त साधन त्यांनी उचलले, त्याला मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवण्याची पद्धत जोडली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापले. जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांत वाळूचे तबक आले. गिरणीयुगातल्या इंग्लंडला हजारो गरीब मुले थोड्या पैशांत शिकवायची होती आणि वाळू फुकट होती. पुढे तीच पद्धत ‘लँकेस्टरची’ हे नाव घेऊन मुंबईत उतरली. जॉर्ज जर्व्हिस यांच्या हाताखाली तयार झालेले चोवीस शिक्षक १८२६ मध्ये दख्खन, कोकण आणि गुजराथेत धाडले गेले. जे पंतोजीकडून गेले होते ते पंतोजीला मागासलेला ठरवीत परत आले. यात कोणाला दोष द्यावा असे नाही. शिक्षणाच्या इतिहासात उसनवारी अशीच चालते आणि परतफेडीच्या वेळी धनको ओळखू येत नाही.

पाढ्यांची गोष्ट याहून अलीकडची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आज साठी-सत्तरीपलीकडच्या माणसांच्या तोंडी यांतले तुकडे सापडतात. हे पाढे म्हणजे नुसता स्मरणशक्तीचा छळ नव्हे. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, चाळीस शेरांचा मण अशा व्यवहारात पाव आणि पाऊण हे रोजचे अंक होते. ज्याला पावकी येते त्याला दुकानदार फसवू शकत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. संतवाङ्मयात देहाला ‘औट हात’ म्हणतात ते वाचताना आजचा विद्यार्थी तळटीप शोधतो, त्याच्या आजोबांना ती लागत नव्हती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली, आणि काही शतकांची पाठांतरे एका पिढीत निरुपयोगी झाली. त्यांना कोणी मारले नाही. त्यांचे काम संपले. संध्याकाळचा परवचा त्यानंतर काही वर्षे सवयीने चालला आणि मग तोही थांबला. मोडीचे असेच झाले. शाळेच्या तक्त्यातून ती गेली तेव्हा फारसा कोणी शोक केला नाही. तिचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागेल.

या किनाऱ्यावर शाळा म्हणजे केवळ मराठी शाळा नव्हे, हेही येथे सांगायला हवे. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन या पट्ट्यात मराठीच्या बरोबरीने उर्दू शाळा चालत आल्या आहेत आणि मराठी शिक्षणाचे इतिहास लिहिताना आपण त्यांच्याकडे पाठ करून बसतो. जंजिऱ्याचे नबाब सिद्दी अहमदखान यांची बेगम नाझली ही फैजी घराण्यातली. तिची बहीण अतिया फैजी १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेली ती शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी, मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात. प्रकृतीमुळे अभ्यासक्रम पुरा न करताच १९०७ मध्ये ती परतली. तिथली तिची उर्दू रोजनिशी आधी लाहोरच्या एका स्त्रियांच्या नियतकालिकात आणि १९२१ मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपाने आली. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० च्या. घरातल्या बायकांचा रोष सोसत चोरून अक्षरे गिरवणारी स्त्री आणि लंडनच्या वर्गात अध्यापनशास्त्राची टिपणे घेणारी स्त्री, दोघी एकाच इलाख्यातल्या आणि जवळजवळ एकाच काळात लिहिणाऱ्या. मराठीच्या वर्गात आपण पहिलीच शिकवतो. दुसरीचा संबंध मुरूडच्या राजवाड्याशी आहे, म्हणजे दिघीच्या धक्क्यावरून एका खाडीच्या अंतरावर.

आता त्या पडवीकडे परत जावे लागेल, कारण आमच्या मते खरी अडचण तिथेच आहे. शाळा देवळात भरते, ब्राह्मणाच्या ओसरीवर भरते, असे अहवाल सहज नोंदवून जातात. त्यातला अर्थ मात्र अहवालात सांगितलेला नाही. देवळात ज्याला पाऊल टाकता येत नाही त्याच्यासाठी ती शाळा नाही, हे लिहिण्याची गरजच कोणाला वाटली नाही. मुलींचा उल्लेख मुंबई इलाख्याच्या या कागदांत जवळजवळ नाहीच. सुंदर वृक्षाची सावली कुठवर पडत होती हा प्रश्न गांधीजींच्या उपमेत बसत नाही. परुळेकरांचे मोठे श्रम मान्य करूनही त्यांच्या बेरजेत तो मावत नाही.

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. एकाला घेतले तर बाकीचे जातील, या कारणाने सरकारने तो मान्य केला नाही. केवळ जातीमुळे कोणाला नाकारू नये असे वरून पुढे सांगितले गेले, आणि तत्त्व म्हणून ते कागदावर राहिले. १८९० च्या दशकाच्या आरंभी दापोलीतील निवृत्त महार सैनिकांनी आपल्या मुलांना तिथल्या शाळेत घ्यावे म्हणून अर्जविनंत्या केल्या. याच मंडळींत महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर होते, ज्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ मध्ये निघाले होते. सैन्यात राहून अक्षराची किंमत कळलेली ही माणसे, सरकारी नियमही त्यांच्या बाजूचा. त्यावर तोड निघाली ती अशी: मुलांना घ्यावे, पण व्हरांड्यात बसवावे.

म्हणजे पंतोजीच्या काळात शाळाच पडवीत भरत असे. सरकारी शाळेला खोली मिळाली, आणि पडवी उरली ती नको असलेल्यांसाठी. वास्तू बदलली आणि त्याच जागेचा अर्थ उलटा झाला. व्हरांड्यातल्या मुलाला फळा तिरका दिसतो, आवाज अर्धा येतो, पाऊस पुरा लागतो. शाळेच्या इतिहासात हे ‘प्रवेश मिळाला’ या सदरात मोडते. संग्रहालयात वर्गखोली उभारणे सोपे असते: बाके, फळा, घंटा, भिंतीवर नकाशा. व्हरांडा तसाच उभारला तर पाहणारा त्यातून चालत खोलीत जाईल आणि आपण कशातून चाललो हे त्याला कळणारही नाही.

सातारच्या सरकारी हायस्कुलात (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. तो दाखलपट शाळेने जपून ठेवला आहे, आणि २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. हे उचितच झाले. परंतु त्याच मुलाने मोठेपणी आपल्या आठवणींत दुसरी एक वस्तू सांगितली आहे. वर्गात वेगळे बसण्यासाठी घरून नेलेला गोणपाटाचा तुकडा. तो शाळेत ठेवता येत नसे. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे म्हणून तो रोज घरी न्यावा लागे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावा लागे. दाखलपटाने सांगितलेली गोष्ट खरी आहे आणि गोणपाटाने सांगितलेलीही खरी आहे, मात्र जपणूक पहिलीचीच झाली. यात सातारच्या शाळेचा काही विशेष अपराध नाही. जपण्याचा अधिकार ज्या कचेरीकडे असतो ती आपलीच वही जपते.

साहित्याच्या अभ्यासकाचे काम या ठिकाणी सुरू होते असे आम्हाला वाटते. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळांतील एका मुलीचा निबंध आपल्या हाती आहे. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला तो निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. ज्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, तो वाडा वर्षानुवर्षांच्या कोर्टकज्जानंतर, सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२३ मधील निर्णयाला अनुसरून, त्याच डिसेंबरात पाडण्यात आला. तिथे स्मारक व्हायचे आहे. वाडा मोडकळीस आला होता आणि तो पाडण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे मान्य. तरीही त्या शाळांचे जे अस्सल अवशेष राहिले, त्यांत विटेपेक्षा एका मुलीचे गद्य अधिक टिकाऊ ठरले. दादोबा पांडुरंग, बाबा पदमनजी, धोंडो केशव कर्वे, लक्ष्मीबाई टिळक, पुढे दया पवार आणि बेबी कांबळे यांच्या आत्मकथनांतल्या शाळा एकापुढे एक मांडल्या तर आपले संग्रहालय दालनादालनांनी उभे राहते. त्यात पंतोजीची छडी आहे, तशी वर्गाबाहेरची जागाही आहे. आत्मचरित्रे आपण व्यक्तीच्या जडणघडणीसाठी वाचतो. एकदा केवळ बसण्याच्या जागेसाठी वाचून पाहावीत.

वस्तूंपैकी एक मात्र वाचवण्याजोगी आहे आणि ती दिघीपासून गडचिरोलीपर्यंत सर्वत्र आहे: प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, कोणत्या शाळेतून आला, केव्हा आणि का सोडली. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत नेण्याचे ठरवले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला, आणि अशा शाळांचा आकडा १४ हजारांच्या वर सांगितला गेला. कोकणातल्या वाड्यावस्त्यांची रचना आणि मुंबईकडे जाणारी कुटुंबे पाहता अशा यादीचा भार येथे किती पडतो हे कोणीही ओळखील. शाळा बंद होते तेव्हा मुलांची सोय पाहिली जाते, निदान तसे लिहिले तरी जाते. कपाटातल्या वह्यांचे गठ्ठे मात्र दुसऱ्या शाळेच्या कोपऱ्यात जाऊन पडतात, आणि कोकणातला पावसाळा व वाळवी यांना पटसंख्येची अट नसते.

या वह्यांना आज भाव आहे तो इतिहासाचा नव्हे. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेतली नोंद हा त्यातला भक्कम पुरावा. ज्या रकान्यामुळे एखादा पणजोबा व्हरांड्यात बसला, तोच रकाना शोधत त्याची पणती आज शाळेच्या कचेरीत उभी राहते. २०२३ च्या हिवाळ्यात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुलाच्या दप्तराबरोबर शाळांची जुनी प्रवेश-रजिस्टरेही बाहेर काढली गेली. पुष्कळशा नोंदी मोडीत होत्या. ती वाचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून शोधून आणावी लागली.